लाल बोंडाची सोयरीक

“अक्का, ओ अक्का! जरा भिंतीपाशी या की. आज आमच्यात काय झालं ते ऐका.”

“पाटंलाच गलका ऐकला गं मी. म्हणलं, कोण पडलं का काय!”

“पडलं न्हाई कुणी. मामंजी मोरीतनं ओरडतच आले, रगत चाललंय म्हणून. आमचे मालक गाडीची किल्ली हुडकायले, सासूबाईंनी तर तुळजाभवानीला नवस बोलून बी टाकला. मी आपलं विचारलं, मामंजी, रात्री ते लाल फळ किती खाल्लं? म्हणले, एक आख्खं, अन् पोरांनी टाकलेलं अर्धं.”

“कसलं फळ?”

“ड्रॅगन फ्रूट हो! लाल गराचं खाल्लं की त्याचा रंग लघवीत उतरतोय. काई होत न्हाई त्यानं. पोरीनं मोबाइलवर वाचून दाखवलं तवा घरादाराच्या जिवात जीव आला. नवस मातुर फेडावाच लागणार.”

“फेड बाई. देवीचं उधार ठेवू नये. पर आणलं कुठून ते?”

“जाऊबाईंच्या भावानं लावलंय रानात. काल पिशवीभर देऊन गेला. वरून गुलाबी, अंगाला हिरवे खवले. सासूबाई विळी घेऊन बसल्या, पर कुठनं चिरावं कळंना. शेवटी मधून उभं कापलं. साल आपसूक सुटली, आत बारीक काळ्या बिया, खाताना दाताखाली कुरकुरतात.”

“अन् चव?”

“खरं सांगू? पांढऱ्या गराचं म्हणजे साखरेच्या पाण्यात बुडवलेली काकडी. पोरांनी तोंडं वाकडी केली, वर चाट मसाला भुरभुरला. लाल मातुर गोड होतं, म्हणूनच मामंजींनी उडवलं. एवढं नटूनथटून आलेलं फळ, अन् चवीला आपल्या बालाघाटातल्या सीताफळाच्या पासंगाला बी पुरत न्हाई.”

“मग लावतात कशाला?”

“पाण्यामुळं, अक्का. निवडुंगच हाय ते. सिमेंटचा खांब रोवायचा, त्याच्या डोक्यावर गोल कडं बसवायचं, बुडाशी चार रोपं लावायची. ती वर चढतात अन् कड्यावरून खाली लोंबतात. फूल पांढरं, हे एवढं मोठं, पर रातचंच उमलतंय अन् सकाळी मान टाकतंय. तिथून महिनाभरात फळ तोडायला येतंय. ठिबकचं थोडं थोडं पाणी पुरतंय. खांबालाच पैसा लई जातो, थोडं सरकारी अनुदान मिळतंय. आधी बाजारात व्हिएतनामचा माल यायचा. आता सांगलीकडच्या तडसरचं फळ 2021 मध्ये दुबईला गेलं म्हणं.”

“निवडुंग म्हणलीस व्हय? मग त्यात नवं काय गं! 1972 च्या दुष्काळात आम्ही शेरडं राखायला जायचो, तवा बांधाबांधाला फड्या निवडुंग. त्याची लाल बोंडं काठीनं पाडायची अन् दगडावर घासायची, न्हाईतर जाळात भाजायची. कुसळं अशी बारीक की डोळ्याला दिसत न्हाईत, पर जिभेत रुतली की दिसभर तोंड मिटता येत न्हाई. खाऊन ओठ लाल, परकर लाल. आई परकर बघूनच धपाटा घालायची.”

“पोरगी बी तेच सांगायली. दोन्हींचं कूळ एकच, अन् दोन्ही मूळची अमेरिका खंडातली.”

“बघ! मग आमच्या बोंडाला दुबईला कोण न्हेलं न्हाई ते?”

“त्याला खांब कुणी रोवला, अक्का? कांडी लावली तरी फुटतंय म्हणं हे ड्रॅगन फ्रूट. भावाला सांगून तुमच्यासाठी एक मागवू का?”

“मागव. लालवालं. ह्या भिंतीलाच लावू. अन् हे बघ, आत्ताच सांगून ठेवते: वेल तुझ्या बाजूला लोंबला तरी फळ माझंच.”