घोयरेवाला

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींत कोणी कुत्रा पाळतं, कोणी मांजर, तर कोणी नुसतंच घराचं कर्ज. घोयरेवाला या सगळ्यांच्या पुढे गेलेला असतो. मूळचा साताऱ्याकडचा, संगणकाच्या कंपनीत बऱ्या हुद्द्यावर, आणि दिवाणखान्यात टीव्हीची जागा बळकावून उभा असलेला जाळीचा पिंजरा. दोन बाय दोनचा तळ, चार फूट उंची. आत येमेनचा घोयरा, म्हणजे डोक्यावर उभा तुरा असलेला हिरवा सरडा, एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा छताकडे लावून बसलेला.

पिंजरा एवढा मोठा कशाला, असं चुकूनही विचारू नये. काचेची पेटी का नको इथून तो सुरुवात करतो. काचेत हवा खेळत नाही आणि स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की दुसरा नर घुसला असं वाटून हा बिचारा धुमसत राहतो. उंची हवी, कारण झाडावरचा जीव. माणसाच्या डोक्यावर बसल्याशिवाय त्याला निर्धास्त वाटत नाही. (असे काही नातेवाईक आपल्यालाही आहेत.) फांद्या आडव्या हव्यात, झाडं खरी हवीत: मनीप्लांट, जास्वंद, छत्रीच्या आकाराची पानं असलेलं शेफलेरा. या जास्वंदीचं एकही फूल गणपतीला मिळत नाही. ते सरडा खातो.

मग दिवे. एक ऊब देणारा, त्याच्या खालच्या फांदीवर 85 अंश फॅरनहाइट. बाकी घरात हिवाळ्यात 68. मुलांना थंडी वाजली तर स्वेटर घालायचा. दुसरी लांब नळी अतिनील किरणांची. ती चांगली चालू असताना हा बदलतो. "उजेड तर पडतोय," बायको म्हणते. उजेड पडतो, पण किरणं आटलेली असतात. ती नसली की सरड्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं वाकतात. हे सांगणाऱ्याचं स्वतःचं ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये तशाच पडलेल्या असतात.

पाण्याचा थाट और. सकाळ-संध्याकाळ वेळ लावलेले फवारे, शिवाय पानांवर थेंब थेंब पडेल अशी ठिबकची नळी. गावाकडच्या उसाला ठिबक करू या म्हणून वडील कधीचे मागे लागलेत; तिथे याला सवड नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईला हे बघवत नाही. "आरं, वाटीत पाणी ठेव की त्याला," ती म्हणते.

"आई, वाटीतलं साठलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावरचे थेंबच चाटतो तो."

"तुझ्या आज्याचंबी असंच होतं. पितळेच्या तांब्याबिगर प्यायचे न्हाईत," म्हणून आई विषय मिटवते.

खरा कुटुंबवत्सलपणा दिसतो तो रातकिड्यांच्या बाबतीत. सरड्याला जिवंत रातकिडे लागतात आणि त्यांच्या पोटात जे असेल तेच शेवटी सरड्याच्या अंगी लागतं. म्हणून आधी रातकिड्यांना गाजर, रताळं, ताजा हिरवा पाला. मग कॅल्शियमची भुकटी लावून त्यांची रवानगी. त्या रात्री मुलं कालचा पिझ्झा खातात. सुटलेला एखादा रातकिडा फ्रिजमागून रात्रभर गातो आणि आईला गावची आठवण येते, एवढाच काय तो घराला फायदा. सकाळी उठल्यावर हा विष्ठा तपासतो. पांढरा भाग पांढराच असेल तर ठीक, नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. मुलांचं प्रगतिपुस्तक इतकं निरखलेलं कोणी पाहिलेलं नाही.

हे सगळं घोयरेवाला बिनचूक करतो. सरड्याला मात्र त्याच्याकडून आणखी एकच गोष्ट हवी असते: एकांत. हा एकटा राहणारा प्राणी. कोणी हाताळलेलं, टक लावून पाहिलेलं त्याला सोसत नाही. आणि नेमकं तेवढंच घोयरेवाल्याला जमत नाही. दाट पानांचा आडोसा तो स्वतः रचतो आणि सरडा त्यात दडला की पानं बाजूला करून बघतो.

पाहुणे आले की तर विचारूच नका. त्यांची फर्माईश ठरलेली: "रंग बदलून दाखव ना!" मग व्याख्यान. तो भिंतीसारखा रंग घेत नाही हो. राग, भीती, ऊन-थंडी, मादी, यांवर त्याचा रंग ठरतो. कातडीतल्या पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 साली दाखवून दिलं. एवढ्यात घोळक्याला वैतागून सरडा काळपट पडतो. पाहुणे टाळ्या वाजवतात.

पुण्याच्या मेहुण्याने एकदा आपणही आणावा म्हणून चौकशी केली, तेव्हा मात्र घोयरेवाला गंभीर झाला. आपल्याकडचा घोयरा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो; तो पकडणं, पाळणं गुन्हा आहे. दिसला तर दुरून बघावा आणि जाऊ द्यावा.

बाकी माणूस प्रेमळ आहे. जेवायला बोलावलं तर जरूर जा. पिंजऱ्यावर टकटक करू नका, आणि फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा दिसला तर न विचारता उघडू नका. त्यात सरड्याच्या अळ्या असतात.