राक्षस चालेल, पण घोड्याचा भाव बरोबर हवा

उंचावरून खाली पडलेल्या योद्ध्याला नेमके किती लागते, या प्रश्नावर १९८४ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतल्या 'ड्रॅगन' मासिकाने पाने खर्ची घातली. खेळाचा जुना नियम सोपा होता. दर दहा फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, जेवढे दान पडेल तेवढी इजा. अंक ८८ मध्ये एकाने गुरुत्वाकर्षणाचा हिशेब मांडला आणि हा नियम भौतिकशास्त्राला धरून नाही असे दाखवले. त्याच अंकात दुसऱ्याने गतिज ऊर्जा पुढे केली. ती उंचीच्याच प्रमाणात वाढते, तेव्हा जुना नियम ठीक आहे, असे त्याचे म्हणणे. त्या खेळात मंत्र म्हणून आगीचा गोळा फेकता येतो. घुबडाच्या डोक्याचे अस्वल अंगावर येते. त्यांच्यावर दोघांपैकी कुणी भौतिकशास्त्र लावले नाही.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक योद्धा होतो, एक जादूगार, एक चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि निकाल फासे देतात, त्यातला एक वीस बाजूंचा. १९७६ च्या जूनमध्ये या खेळाभोवती 'द ड्रॅगन' मासिक निघाले, आणि वाचकांनी सूचनांची पत्रे लिहायला घेतली ती कायमची. नियमांच्या शंकांसाठी 'सेज अॅडव्हाइस' नावाचे स्वतंत्र सदर चालवावे लागले. पंचांगातल्या शंकासमाधानाइतक्याच गांभीर्याने तिथे जादूच्या ढालीबद्दल विचारणा होई.

अद्भुताचा वाचक असा असतो. अशक्य गोष्ट तो एका घोटात गिळतो आणि शक्य गोष्टीत खडा लागला की संपादकाला धरतो.

मराठीत असले मासिक निघाले नाही. पण अद्भुताचे वाचक होतेच, आणि त्यांना मद्रासहून रसद येई. 'चंदामामा'ची मराठी आवृत्ती 'चांदोबा' १९५२ मध्ये सुरू झाली आणि चित्रकार शंकर यांनी काढलेला खांद्यावर प्रेत टाकून चाललेला विक्रम घराघरांत पोचला. ती कथा म्हणजे खरे तर नियमांचा खेळच. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकले होणार. उत्तर दिले तर मौन मोडले, वेताळ परत झाडावर. मूळ वेताळपंचविशीत हा प्रकार पंचविसाव्या कथेला संपतो. 'चांदोबा'त तो दशकानुदशके चालला. राजाने प्रेत बैलगाडीत घालून का नेले नाही, ही सूचना मनात न आलेले पोर विरळा. मासिकाने मात्र वाचकांकडून मागितली ती फोटोंना शीर्षके. दोन फोटो छापायचे, जोडशीर्षक पोस्टकार्डावर मागवायचे. वेताळाच्या कारभारात लुडबूड नको, एवढा शहाणपणा संपादकांकडे होता.

आता समजा, असले खेळाचे मासिक मराठीत निघाले आणि त्याचा एक अंक धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याला पोचला. सुरत-भुसावळ मार्गावरचे स्टेशन आहे, पोचायला अडचण नाही. अडचण परतीच्या टपालाची. कारण पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर शिंदखेड्याचा वाचक काय लिहील, याचा अंदाज करणे फारसे कठीण नाही.

पहिली हरकत घोड्याची. १९७८ च्या नियमपुस्तकात युद्धाचा दणकट घोडा ३०० सुवर्णनाण्यांना मिळतो आणि साधा बसायचा २५ ला. छापील भाव! शिंदखेड्याहून तापीकाठचे सारंगखेडा लांब नाही. तिथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजारही. जनावराच्या अंगावरचे भोवरे तपासले जातात, शुभ कोणता आणि खोडीचा कोणता यावर खल होतो, चाल बघितली जाते, आणि मग कुठे आकड्याला तोंड फुटते. पोस्टकार्डावर अहिराणीत एकच ओळ येईल : 'घोडानी किंमत घोडा देखीसन ठरस, पुस्तक देखीसन नही.' संपादकाकडे याला उत्तर नाही. गायगॅक्सकडेही नसते.

दुसरी सूचना नकाशाबद्दल. अंकात नदी दाखवली की ती बारा महिने दुथडी भरून वाहते आणि योद्धे पूल शोधत बसतात. शिंदखेडा बुराई नदीवर आहे. उन्हाळ्यात योद्ध्यांनी चपला हातातही न घेता पलीकडे जावे आणि पूल राखणाऱ्या राक्षसाने आपला वेळ का वाया घालवतो याचा विचार करावा, असे वाचकाचे म्हणणे पडेल.

तिसरी वाटणीबद्दल, आणि ही गंभीर आहे. योद्धा, जादूगार, चोर आणि पुजारी भुयारात उतरतात, खजिना सापडतो, चौघे समान वाटून घेतात. इथे वाचक अंक मिटतो. टोळीत भाऊबंदकी नाही, सातबारा नाही, आणि वाटणी शांततेत? आग ओकणारा प्राणी चालून गेला, पण हे अति झाले. वीस बाजूंच्या फाशाचेही तसेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात पत्त्यांचे फड बसतात, बायका झोक्यांवर असतात आणि नशीब म्हणजे काय ते पुरुषांना बावन्न पानांत कळते. त्यांना दान पडण्यावर व्याख्यान देणारा लेख छापू नये, ही चौथी सूचना.

विषबाधा, शाप, भुताटकी यांतून पात्र वाचते की नाही हे ठरवायला खेळात फासा टाकतात. आपल्या घरोघरी ही व्यवस्था आधीपासून आहे. मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकायच्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हती, न लागला तर होती. निकाल दोनच आणि खर्च फाशापेक्षा कमी. त्यातून दोंडाईच्याची मिरची बाजारपेठ शिंदखेडा तालुक्यातच, म्हणजे शंकेला जागा नको. अंकासोबत फासे फुकट देण्यापेक्षा मिरच्यांची पुडी द्या, ही सूचना नुसती हसून सोडण्यासारखी नाही.

आणि असल्या सूचना छापाव्यात का? ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये निघालेल्या 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाने 'फीन्ड फॅक्टरी' हे सदरच वाचकांनी पाठवलेल्या राक्षसांसाठी ठेवले. त्यात एका किशोरवयीन मुलाने पाठवलेली 'गिथयांकी' ही जमात होती. तो मुलगा चार्ल्स स्ट्रॉस, पुढे नावाजलेला विज्ञानकथालेखक झाला. त्या सदरातले बरेच राक्षस १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ' ग्रंथात गेले, त्याच्या मुखपृष्ठावरही गिथयांकीच बसली, आणि २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या संगणकखेळात ती जगभर पोचली. त्याच ग्रंथात 'फ्लम्फ' नावाचा हवेत तरंगणारा जेलीफिश होता. त्याची खेळाडूंनी इतकी टिंगल केली की टिंगलीवरच तो अमर झाला. म्हणजे वाचकाचा चांगला राक्षस टिकतो आणि वाईटही टिकतो. मरतात ते संपादकाने घाईत लिहिलेले.

शिंदखेड्याहून राक्षस आलाच तर तो फार भीषण नसेल. ऐन पेरणीत दिवसा चारदा जाणारी वीज, कापसाच्या वजनात 'कटती' धरणारा काटा, असे काही. त्याची ताकद किती, इजा किती, हे रकाने पत्रलेखक स्वतः भरून पाठवील. फक्त 'हा कशाने मरतो' हा रकाना कोरा असेल, आणि खाली लिहिलेले असेल, वाचकांनी सूचना पाठवाव्यात.