उदरनिर्वाहाचे डॉलर

रुपया घसरला की अर्थमंत्र्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि मुलुंड पूर्वेच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर चेहरे खुलतात. ‘‘अमेरिकेतल्या चिरंजीवांना म्हटलं, डॉलर पाठवायला आठवडाभर थांब, रुपया अजून पडेल!’’ हेच काका उन्हाळ्यात नातवाकडे जायचं तिकीट काढताना मात्र ‘‘यांना रुपया सांभाळता येत नाही’’ म्हणून सरकारला धारेवर धरतात.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून घरी आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळचा १९.७. आखातात घाम गाळणाऱ्या केरळला आपण मागे टाकलं, याचं श्रेय कट्टा स्वतःकडेच घेतो.

पैसे पाठवताना कारण सांगावं लागतं. चिरंजीव ‘कुटुंबाचा उदरनिर्वाह’ निवडतात. ज्यांच्या उदराची ही चिंता, ते वडील निवृत्त बँक अधिकारी. पेन्शन पुरून उरते, म्हणून डॉलरांची थेट एफडी होते, तीही ज्येष्ठ नागरिकांच्या जादा व्याजदराने.

खरी गंमत चिरंजीवांच्या जुन्या बचत खात्यात आहे. परदेशी स्थायिक झाल्यावर ‘फेमा’ कायद्यानुसार ते एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करून घ्यायचं असतं. पण बँकेला कळवणार कोण? एनआरओच्या व्याजातून तीस टक्के टीडीएस कापला जातो ना! म्हणून न्यू जर्सीत घर, दारात दोन गाड्या आणि खिशात ग्रीन कार्ड असूनही बँकेच्या लेखी चिरंजीव अजून मुलुंडलाच राहतात. मातृभूमीशी नाळ तुटू नये, यासाठी इतकं तरी करावंच लागतं.