सॉसेजारूढांचा देशसंचार

जाहिरातवाहन या संज्ञेखाली दोन मूलतः भिन्न प्रकार येतात आणि त्यांतला भेद आधीच स्पष्ट केलेला बरा. पहिल्या प्रकारात वाहन जाहिरातीचे केवळ ओझे वाहते. निवडणुकीच्या दिवसांत कर्णा बांधून आणि दोन्ही अंगांना फलक लावून गल्लोगल्ली फिरणारी रिक्षा या प्रकारात मोडते, कारण मतदान आटोपून कर्णा उतरवला की ती पुन्हा रिक्षा होते आणि जवळचे भाडे नाकारू लागते. दुसऱ्या प्रकारात विकायच्या वस्तूचाच आकार वाहनाला दिलेला असतो आणि त्यामुळे त्याला सुट्टी म्हणून नसते: ते इंधन भरत असो, वाट चुकलेले असो वा टायर बसल्यामुळे रस्त्याकडेला खोळंबलेले असो, त्याचे प्रचारकार्य अखंड चालूच राहते. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी असून अमेरिकेतील ‘ऑस्कर मायर’ या मांसपदार्थांच्या कंपनीचे ‘वीनरमोबिल’ हा त्याचा सर्वांत नामांकित नमुना होय. मसाला घातलेला मांसाचा खिमा पातळ आवरणात नळीसारखा ठासला की त्याला सॉसेज म्हणतात, ते सॉसेज लांबट पावात घातले की त्याचा हॉट डॉग होतो आणि त्याला सत्तावीस फूट लांब करून खाली चाके लावली की वीनरमोबिल सिद्ध होते.

या परंपरेचा उगम शिकागोत आहे. जर्मनीतून आलेल्या ऑस्कर मायर यांनी 1883 मध्ये त्या शहरात मांसविक्रीचे दुकान थाटले, आणि पुढे त्यांचा पुतण्या कार्ल मायर याच्या डोक्यात धातूचे तेरा फुटी सॉसेज रस्त्यावर आणावे अशी कल्पना आली, ती 1936 मध्ये प्रत्यक्षातही उतरली. महामंदीने पोळलेल्या देशात एखाद्या उद्योगाने अशा कामासाठी पैसे काढून द्यावेत, यावरून त्या घराण्यात काकांचा पुतण्यावर किती जीव असावा याचा अंदाज बांधता येतो. या पहिल्या वाहनाच्या मध्यभागी आणि मागे बसायच्या उघड्या जागा होत्या, त्यांतून ‘लिटल ऑस्कर’ नावाचा, स्वयंपाक्याची पांढरी टोपी घातलेला ठेंगणा इसम अवचित वर येऊन मुलांना अभिवादन करीत असे. ही भूमिका वर्षानुवर्षे करणाऱ्यांपैकी माइनहार्ट राबे यांनी 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटात दुष्ट चेटकीण खरोखरच मेली आहे असा निर्वाळा देणाऱ्या मृत्यू-अधिकाऱ्याचे काम केले होते. म्हणजे एकाच माणसाच्या वाट्याला चेटकिणीचे मरण प्रमाणित करणे आणि सॉसेजमधून डोके वर काढणे ही दोन्ही कार्ये आली, आणि यांतले अधिक गंभीर कोणते हे ठरवणे सोपे नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा सॉसेज रस्त्यावरून हटले, यावरून त्या राष्ट्राने युद्ध किती मनावर घेतले होते ते कळते. 1952 मध्ये बावीस फुटी अशी पाच नवी वाहने निघाली, परंतु तीही नुसतीच सॉसेजे होती; पाव नसलेल्या वड्याकडे मराठी माणूस ज्या नजरेने पाहील त्याच नजरेने अमेरिकी जनता त्यांच्याकडे पाहत असावी. पाव आला तो 1958 मध्ये, आणि तो आणला मिलवॉकीचे औद्योगिक रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी. याच स्टीव्हन्स यांनी 1954 च्या सुमारास ‘नियोजित कालबाह्यता’ ही संकल्पना लोकप्रिय केली होती. तिचा आशय असा की ग्राहकाच्या मनात थोडे नवे, थोडे बरे आणि गरजेपेक्षा थोडे लवकर घेण्याची इच्छा रुजवावी, म्हणजे जुनी वस्तू चांगली चालत असतानाही तो नवीन घेतो. अशा विचारवंताच्या हातून पाव-सॉसेज हा एकच आकार घडावा आणि तोच पुढे सहा दशकांहून अधिक काळ जवळजवळ जसाच्या तसा टिकावा, हा त्यांच्या सिद्धान्ताचा सर्वांत चवदार पराभव म्हटला पाहिजे.

तथापि वाहनाचा इतिहास कितीही रंजक असला तरी खरा विषय त्यात बसून हिंडणाऱ्यांचा आहे. 1977 मध्ये कंपनीने वाहने निवृत्त केली, 1986 मध्ये सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक पुन्हा बाहेर काढले, आणि लोकांचा उत्साह पाहून 1988 पासून सहा वाहनांचा ताफा व तो हाकण्यासाठी नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांची नेमणूक अशी व्यवस्था सुरू केली. या तरुणांना ‘हॉटडॉगर’ म्हणतात. दरवर्षी हजाराहून अधिक अर्जांतून बारा जण निवडले जातात, विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे ‘हॉट डॉग हाय’ नावाच्या प्रशिक्षणवर्गात त्यांना वाहन चालवण्यापासून ते श्लेषयुक्त बोलण्यापर्यंत सर्व विद्या शिकवली जाते आणि मग दोघादोघांच्या जोड्या करून त्यांना वर्षभरासाठी देशभर सोडले जाते. चालकाशेजारची जागा ही त्यांच्या परिभाषेत ‘शॉटबन’ आणि सुरक्षापट्टा हा ‘मीट बेल्ट’ असतो, आणि अशा भाषेत बारा महिने बोलूनही उमेदवार शाबूत राहतो की नाही हे निवडसमितीने आधीच पारखून घेतलेले असणार. सहा महिन्यांनी जोडीदार आणि प्रदेश दोन्ही बदलले जातात. या नियमाच्या कर्त्याला मानवी स्वभावाचे ज्ञान असले पाहिजे, कारण एकाच पावात दोन माणसे वर्षभर गुण्यागोविंदाने नांदतील ही अपेक्षा कोणत्याही संस्कृतीत भाबडीच ठरेल.

सत्तावीस फूट लांब आणि अकरा फूट उंच सॉसेजमधून प्रवास करण्याच्या अडचणी दोन जातींच्या आहेत. पहिली जात भूमितीची: शहरांतील बहुमजली वाहनतळांचे छत सामान्यतः सात-आठ फुटांवर असते, त्यामुळे तेथे प्रवेश नाही, गाडीत बसूनच खिडकीतून खाद्यपदार्थ घ्यायच्या अमेरिकी उपाहारगृहांच्या छपराखालूनही वाट नाही, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या खाद्यपदार्थात बसलेल्या माणसांना जेवण आणण्यासाठी उतरून पायी जावे लागते. आत जेवायला काही असेल अशी समजूत असल्यास तीही सोडावी, कारण या वाहनात हॉट डॉग शिजत नाहीत आणि विकलेही जात नाहीत. ही वस्तुस्थिती ठिकठिकाणी जमलेल्या भुकेल्या नागरिकांना हसतमुखाने समजावणे हा नोकरीचा एक मुख्य भाग असून त्यांना सांत्वनादाखल वाहनाच्याच आकाराची इवलीशी शिट्टी दिली जाते. ही शिट्टीवाटपाची प्रथा 1950 च्या दशकापासून चालत आलेली आहे, आणि ती मिळालेल्या मुलांच्या पालकांनी परतीच्या प्रवासात कंपनीविषयी काय उद्गार काढले याचा अभ्यास अद्याप झालेला नसला तरी त्याचे निष्कर्ष कोणीही घरबसल्या सांगू शकेल.

दुसरी जात नीतीची असून ती अधिक जाचक आहे. सामान्य वाहनचालकाला अनामिकतेचे जे कवच लाभलेले असते, म्हणजे वाटेत आडवे येणाऱ्याला दोन शब्द सुनावून पुढच्या सिग्नलला गर्दीत मिसळून जाण्याची जी सोय असते, ती सॉसेजारूढाला नाही. तो कोणावर डोळे वटारू शकत नाही, कारण समोरचा त्याच क्षणी त्याचे छायाचित्र घेत असतो. त्याच्या भोंग्यातून जाहिरातीच्या गाण्याची गोड धून वाजते, त्यामुळे संतापून भोंगा दाबला तरी ऐकणाऱ्याला ते प्रेमच वाटते. आणि तो कोणत्या निवासात उतरला आहे, किती वाजता निजला आहे, हे खिडकीतून डोकावणाऱ्या सगळ्या गावाला ठाऊक असते. ऋषिमुनींनी अरण्यात जाऊन क्रोधजय साधला असे आपण ऐकतो, पण अरण्यात क्रोध यायला होते तरी कोण? महामार्गावरच्या कोंडीत, मागे बसलेल्या पाहुण्यांकडे पाहून सॉसविषयी विनोद करीत शांत राहणे ही साधना निश्चितच वरच्या पायरीवरची आहे.

या वाहनावर ओढवलेल्या आपत्तींचा क्रम पाहिला तर एक नियम हाती लागतो, तो असा की कोणत्याही दुर्घटनेचे गांभीर्य तिच्यात सॉसेज आले की टिकत नाही. 2009 च्या जुलैत विस्कॉन्सिनमधील माउंट प्लेझंट येथे वाहन मागे घेण्याच्या बेताने ते पुढे गेले आणि एका घरात घुसले. कोणाला इजा झाली नाही, पण गाडीने घराला धक्का दिला हे सांगण्याऐवजी घराने हॉट डॉग खाल्ला की हॉट डॉगने घर, यावरच बातम्यांचा भर राहिला. 2020 च्या जानेवारीत त्याच राज्यातील वॉकेशा काउंटीच्या पोलिसांनी एक वीनरमोबिल थांबवले, कारण रस्त्याकडेला दिवे लावून उभ्या असलेल्या आपत्कालीन वाहनाला पाहून शेजारची मार्गिका धरायची असा जो तेथील कायदा आहे तो पाळला गेला नव्हता. चालकाला तोंडी समज देण्यात आली आणि पोलिसांनी त्या प्रसंगाचे छायाचित्र वाहतूकशिक्षणासाठी प्रसिद्ध केले. लोकशिक्षणाच्या शेकडो पत्रकांना जे साधत नाही ते एका सॉसेजच्या चुकीने एका दिवसात साधले, हे वाहतूकखात्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

2023 च्या फेब्रुवारीतली लास व्हेगासची घटना या सर्वांत बोधप्रद म्हणावी लागेल. तेथे रात्री उभ्या असलेल्या वाहनाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारा, धूरनळीत बसवलेला भाग, चोरीला गेला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात म्हणून तो चोरांना प्रिय असतो, हे समजण्यासारखे आहे. समजत नाही ते एवढेच की अख्ख्या शहरात लपूनछपून हात मारण्याजोगी एवढी वाहने असताना, ज्याच्याकडे प्रत्येक जाणारायेणारा थांबून पाहतो त्याच वाहनाच्या पोटाखाली चोराला शिरावेसे वाटले. कदाचित पाहणाऱ्यांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला असेल. तो भाग निघाला की इंजिनाचा आवाज राक्षसी होतो, आणि सकाळी सॉसेज गर्जना करू लागले तेव्हाच चोरी उघडकीस आली. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने वाहनाचे नाव बदलून ‘फ्रँकमोबिल’ केले आणि सप्टेंबरात गुपचूप जुन्या नावावर परत आली. चोराने नेलेला भाग एकवेळ नवा बसवता येतो, पण लोकांच्या तोंडी बसलेले नाव कंपनीलाही काढता येत नाही. पुढल्या वर्षी, 22 जुलै 2024 रोजी, शिकागोजवळच्या महामार्गावर एक वीनरमोबिल दुसऱ्या मोटारीला लागून कलंडले आणि पाव-सॉसेजसकट आडवे झाले. सुदैवाने कोणीही जखमी झाले नाही, पण आडव्या पडलेल्या वाहनाची चित्रे जितकी पाहिली गेली तितकी उभ्या वाहनाची क्वचितच पाहिली गेली असतील. प्रचारखात्याने पैसे मोजून मिळवलेली प्रसिद्धी आणि दैवाने फुकट दिलेली प्रसिद्धी यांत दुसरीच सरस ठरते, हे कटू सत्य कोणत्याही व्यवस्थापकाला वार्षिक अहवालात मात्र लिहिता येत नाही.

आपत्ती ओढवून घेण्याचा हा स्वभाव केवळ सॉसेजपुरता मर्यादित नाही. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या आरंभी ‘आउटस्पॅन’ या दक्षिण आफ्रिकी फळांच्या नाममुद्रेसाठी मिनी मोटारीचे सुटे भाग वापरून संत्र्याच्या आकाराच्या गाड्या बनवल्या गेल्या, त्या इतक्या आखूड आणि गोल होत्या की जोरात ब्रेक दाबल्यास गाडीने फळाचा मूळ धर्म आठवून घरंगळू नये म्हणून मागे वजन घालावे लागले. नागपूरच्या उद्योजकांनी अनुकरणापूर्वी हे लक्षात घ्यावे. ‘झिप्पो’ या लायटरच्या कंपनीने 1947 च्या क्रायस्लर मोटारीवर दोन प्रचंड लायटर उभे करून ती देशभर फिरवली, तेव्हा त्या वजनाखाली टायर फुटत राहिले. शेवटी ती दुरुस्तीसाठी पिट्सबर्गच्या एका विक्रेत्याकडे ठेवली असता कायमची गहाळ झाली. डोक्यावर लायटर असलेली मोटार हरवू शकते, यावरून चष्मा हरवणाऱ्यांनी धीर धरावा. आयडाहो राज्याच्या बटाटा मंडळाने 2012 पासून ट्रकवरून फिरवलेला अठ्ठावीस फुटी बटाटा मात्र निवृत्तीनंतर सुखी झाला, कारण 2019 मध्ये त्याला आतून पोखरून एका खोलीचे हॉटेल करण्यात आले.

भारताचा या इतिहासातला वाटा 1910 चा असून तो कलकत्त्याचा आहे, जरी तेथे जाहिरात होती ती केवळ मालकाच्या लहरीची. आर. एन. मॅथ्यूसन या धनिक गृहस्थाने इंग्लंडमध्ये हंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. तिच्या चोचीतून वाफेचा फूत्कार निघे आणि मागून चुन्याची सफेदी सांडून हंसाचे नैसर्गिक वर्तनही दाखवता येई. शहरात अशी घबराट उडाली की पोलिसांना ती रस्त्यावरून हटवावी लागली. तो हंस आज नेदरलँड्समधील लाउमन संग्रहालयात सुखरूप आहे आणि तेथे त्याच्यावर सफेदी सांडण्याची बंदी असावी असे वाटते.

रस्त्यावरच्या या साऱ्या अनुभवांनंतर सहाही वीनरमोबिले शर्यतीच्या मैदानात उतरवण्याचे धाडस कोणी करील हे तर्काला धरून नव्हते, आणि म्हणूनच बहुधा ते केले गेले. 23 मे 2025 रोजी, इंडियानापोलिसच्या अडीच मैली धावपट्टीवर, ‘इंडी 500’ या विख्यात मोटारशर्यतीच्या दोन दिवस आधी ‘वीनी 500’ पार पडली. तो दिवस ‘कार्ब डे’ म्हणून ओळखला जातो, कारण पूर्वी त्या दिवशी शर्यतीच्या गाड्यांचे कार्ब्युरेटर जुळवून घेत. कार्ब्युरेटर केव्हाच इतिहासजमा झाला तरी दिवस पाळला जातो, ज्यात भारतीय वाचकाला काही नवल वाटू नये. प्रत्येक वाहनाला देशाच्या एकेका प्रदेशातील हॉट डॉगचे नाव होते, आणि शिकागोच्या ‘ची डॉग’पासून सिअॅटल व सोनोराच्या प्रतिनिधींपर्यंत सर्वांना मागे टाकून कोबीच्या कोशिंबिरीचा मान राखणाऱ्या आग्नेयेच्या ‘स्लॉ डॉग’ने बाजी मारली. वळणे तिरपी, वाहने अकरा फूट उंच आणि चालक काल-परवाचे पदवीधर, असे असतानाही सहांपैकी एकही आडवे झाले नाही, त्यामुळे प्रसिद्धीच्या दृष्टीने थोडे नुकसानच झाले असे कोणी म्हटल्यास ते सहज खोडून काढता येणार नाही.