पोपटीतलं कणीस

अहो ताई, जरा गडग्याशी या बघू. वाल सोलायचे राहिले तर राहू देत, मी लावते हात नंतर. ऐकलंत का, परवा आमच्या परसात पोपटी लावली होती ना, त्या रात्री काय रंगलं ते? धूर आला असेलच तुमच्याकडे. तुम्ही खिडकी आपटलीत ती ऐकली हो मी. असो.

तर रोह्याहून वन्सं आल्या होत्या. आता वन्सं आल्या म्हणजे पाय पेणच्या फलाटावर आणि तोंडात रोहा. धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस कशी सलामी देतात, इथून सुरू होतात ते ‘आमचे चिंतामणराव देशमुख’ इथे येऊन थांबतात. थांबतात कसल्या, तिथून तर खरं सुरू! आणि मला ह्या घरात येऊन चाळीस वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी मी अजून ‘ती वऱ्हाडातली’. अहो, माझं माहेर वर्ध्याचं. वर्धा वऱ्हाडात येतच नाही मुळी, नागपूरकडचं ते. पण चाळीस वर्षं मी गप्प. परवा मात्र...

थांबा, आधी कणसाचं सांगते. मडकं भरत होतो. खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. जाऊबाईंचा नातू, तो मुंबईला फिजिक्स करतो तो, हळूच एक मक्याचं कणीस आत सारायला गेला. वन्सं कडाडल्याच, “पोपटीत मका? हे कुठलं फॅड?” पोराचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, घाल रे. हे कणीस लक्षात ठेवा हं ताई.

मडकं उपडं घातलं, भोवती गोवऱ्या-पेंढा रचून पेटवलं आणि बसलो सगळे शेकत. पोरगं बोलायला लागलं. कुणी फांग लीझी म्हणून चिनी शास्त्रज्ञ होता म्हणे. फिजिक्सवाला, विश्व कसं झालं वगैरे त्याचा विषय. १९५७ साली सरकारला नको ते बोलला म्हणून पक्षातून हाकलला आणि खेड्यात राबायला धाडला. पुढे ती सांस्कृतिक क्रांती, पुन्हा मजुरी. पुढे दिवस पालटले, विद्यापीठाचा मोठा अधिकारी झाला, तर १९८७ मध्ये पुन्हा पक्षाबाहेर. आणि १९८९ ला बीजिंगच्या चौकात रणगाडे आले, तेव्हा नवरा-बायको गेले ते थेट तिथल्या अमेरिकन वकिलातीत. तेरा महिने, ताई! तेरा महिने एका इमारतीत, बाहेर पाऊल नाही. आपल्याकडे पाहुणा चौथ्या दिवशी... जाऊ दे, वन्संच्या कानावर जाईल. शेवटी सोडलं त्यांना, आणि ॲरिझोनाला प्राध्यापकी करत २०१२ मध्ये गेला तो. परक्या मुलखातच.

आम्ही सगळे गप्प. आणि वन्सं काय म्हणाल्या असतील? “शास्त्रज्ञानं राजकारणात पडावंच कशाला? आमचे चिंतामणराव बघा!” झालं. मॅट्रिकला पहिले, शंकरशेट शिष्यवृत्ती पहिली, केंब्रिजला गेले, आयसीएसला पहिले, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. दर वाक्याला एक गोवरी आगीत टाकत होत्या.

आता ताई, देशमुखांचं मोठेपण मी नाकारतेय का? मुळीच नाही. मुंबईसाठी अर्थमंत्रिपद फेकून दिलं त्या माणसाने १९५६ साली. मी वन्संना म्हटलंसुद्धा, अहो ते राजकारणच नव्हतं का? तर ऐकू न आल्यासारखं केलं.

मग मी जरा पुढे सरकले आणि म्हटलं, “वन्सं, केंब्रिजला त्यांचा विषय कोणता होता हो?” त्या म्हणाल्या, “वनस्पतिशास्त्र! बक्षीस मिळवलंय त्यात, फ्रँक स्मार्ट प्राइझ.” मी म्हटलं, “आणि लंडनला ते टिळकांना भेटले होते ना?” अहो, काय खुलल्या! “तर! आयसीएस सोडून देशकार्यात उडी घेऊ का, असं विचारायला गेले. टिळकच म्हणाले, नोकरी करा, स्वराज्य आल्यावर हा अनुभव कामी येईल.”

एवढंच हवं होतं मला. मी म्हटलं, “त्याच टिळकांकडे त्याच्या बारा-तेरा वर्षं आधी आमच्या वर्ध्याचा एक पोरगा गेला होता. त्याला ते म्हणाले, जपानला जा, युद्धकला शीक.”

ताई, तो चेहरा! आगीच्या उजेडात दिसला मला. जाऊबाईंनी तर पदर तोंडाला लावला.

पांडुरंग सदाशिव खानखोजे हो. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला ठाऊकच आहेत. पण वन्संना धडाधडा सांगून टाकलं मी. टिळकांनी दोघांना दोन गोष्टी सांगितल्या म्हणून कुणी नाक मुरडू नये, मधे मंडाले होतं. सहा वर्षं तुरुंगात बसलेल्या माणसाला कळतं, कुठल्या पोराला कुठे धाडायचं ते. मला आपलं असं वाटतं बाई.

तर काय सांगत होते... हां, जपान. घरात राहिला असता तर दोनाचे चार करून मोकळे झाले असते घरचे. हा गेला समुद्रापार. जपानहून अमेरिका. तिथे कॅलिफोर्नियात सैनिकी शाळेत काय गेला, मग ऑरेगनला शेतकी कॉलेज, वॉशिंग्टन स्टेटला पुढचं शिक्षण. दिवसा बियाणं आणि माती, रात्री पंजाबी मजुरांच्या बैठका. लाकडाच्या गिरण्यांत राबणारे शीख ते. त्यांतूनच १९१३ ला गदर पार्टी उभी राहिली, आणि हा तिच्या पहिल्या फळीतला. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळेसुद्धा त्यातलेच. पिंगळे हिंदुस्थानात परत आले आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोरला फासावर गेले, सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी. हे सांगताना मी जराशी थांबले. वन्संनीही त्या वेळी गोवरी टाकली नाही.

खानखोजे गेले इराणकडे. पहिलं महायुद्ध चालू, हे तिथल्या टोळ्यांबरोबर इंग्रजांशी लढतायत. पकडले गेले, निसटले. पुढे बर्लिन, तिथून १९२१ मध्ये मॉस्को, वीरेंद्रनाथ चट्टोपाध्यायांच्या गटाबरोबर. सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ हो ते! त्यांचं काय झालं माहितीय? पुढे पुन्हा रशियात राहायला गेले, आणि १९३७ ला स्टालिनच्या लोकांनी गोळी घातली. फिजिक्सवाला पोरगा मधेच म्हणाला, “म्हणजे चीनसारखंच.” मी म्हटलं, बाळा, क्रांतीच्या घरी पाहुणा किती दिवस राहतो त्यावर असतं सगळं. खानखोजे वेळेवर निघाले.

आणि निघून कुठे जावं माणसानं? मेक्सिको! १९२४. न स्पॅनिश येत, न खिशात दमडी. आणि हिंदुस्थानात यायला इंग्रजांची बंदी. पण बघा हं, बंदूक सुटली आणि आधीचं बियाणं कामाला आलं. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. तिथलं मुख्य अन्न काय? मका! आपल्याला भाताचं तसं त्यांना मक्याचं. ह्यांनी मका घेतला आणि तिथे तेओसिंते म्हणून एक रानगवत उगवतं, मक्याचा पूर्वजच म्हणे ते, त्याच्याशी संकर करायचे प्रयोग केले. गव्हावर काम केलं. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे गरीब शेतकऱ्यांसाठी फुकट शेतीशाळा काढल्या. तिथेही क्रांती नुकतीच होऊन गेलेली, जमिनी वाटल्या होत्या, पण पेरायचं कसं ते कोण सांगणार? वर्ध्याचा माणूस सांगत होता!

त्यांचे मित्र कोण, तर दिएगो रिव्हेरा. तो मोठ्ठा चित्रकार हो, भिंतीच्या भिंती रंगवायचा. मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत त्याचं भित्तिचित्र आहे, टेबलाभोवती माणसं बसलीत आणि मधे एकजण भाकरी मोडून देतोय. तो आपला खानखोजे! आणि तीना मोदोत्ती नावाची फोटोग्राफर, तिने ह्यांचे आणि ह्यांच्या मक्याचे फोटो काढलेत. कणसांचे फोटो, ताई, देवाच्या मूर्तीसारखे. हे सांगताना मी त्या पोराकडे पाहिलं, तो मडक्याकडे बघत होता.

वन्संना काहीतरी बोलायला हवंच होतं. म्हणाल्या, “लग्नबिग्न केलं का नाही?” मी म्हटलं, केलं, १९३६ ला. बेल्जियन बाईशी. ज्याँ सिंदिक. दोन मुली, सावित्री आणि माया. “परदेशी बायको!” नाक वर गेलं. आता मी सोडते का? हळूच म्हटलं, “चिंतामणरावांची पहिली मंडळी रोझिना. इंग्रजच होत्या ना? आणि मुलीचं नाव प्रिमरोझ.” वन्सं म्हणाल्या, “ते वेगळं.” काय वेगळं, ते काही सांगितलं नाही. वनस्पतिशास्त्रवाल्यानं मुलीला फुलाचं नाव दिलं, छानच की! पण आपला नियम दुसऱ्याला लावला की कसं होतं ना...

आणि खरी गोम तर पुढेच. १९४७ ला स्वातंत्र्य आलं. ज्याच्यासाठी माणूस चाळीस वर्षं वणवण फिरला, ते आलं. ह्यांनी परत यायला व्हिसा मागितला. आणि नाकारला! का, तर इंग्रजांच्या काळची बंदी अजून कागदावर होती. इंग्रज बोटीत बसून गेले, त्यांची यादी इथेच कपाटात राहिली. तो फांग आपल्या देशातून बाहेर पडायला तेरा महिने थांबला, आणि हा आपल्याच देशात आत यायला. जाऊबाई म्हणाल्या, सरकारी कपाट आहे ते, आपल्या तलाठ्याकडचं काय वेगळं आहे? सगळे हसले. पण मला नाही हसू आलं. ज्या सरकारच्या यादीत ह्यांचं नाव होतं, त्याच सरकारात टिळकांचं ऐकलेला रोह्याचा माणूस वर चढत होता, आणि ह्यात चूक कुणाचीच नाही. दोघांनी एकाच म्हाताऱ्याचं ऐकलं.

बंदी उठली, आले, नागपूरला राहिले. १९६७ च्या २२ जानेवारीला गेले. आणि आदल्याच वर्षी काय झालं होतं ठाऊकाय? सरकारने मेक्सिकोहून गव्हाचं बियाणं आणलं. १८ हजार टन! हरितक्रांती म्हणतो ना आपण, ती त्याच बियाण्यावर. ते बोरलॉगसाहेब मेक्सिकोत गेले १९४४ साली, आणि आमचा माणूस तिथे त्याच्या वीस वर्षं आधीपासून मातीत हात घालून. बियाणं वाजतगाजत आलं आणि नागपुरात हा म्हातारा... कुणी विचारलं असेल का हो, गहू कसाय म्हणून? मुलीनं, सावित्री सहानींनी, पुस्तक लिहिलं वडिलांवर, तेव्हा कुठे लोकांना जरा कळलं. आणि मेक्सिकोत पुतळा बसला २०२२ मध्ये, आपले लोकसभा अध्यक्ष गेले होते तिकडे.

तोवर पोपटी झाली. वरून पाणी शिंपडलं, वाफ आली की मडकं उतरवायचं, ते आमच्या ह्यांचं काम. चादरीवर शेंगा ओतल्या, बटाटे, रताळी, आणि मधून ते कणीस घरंगळलं. भांबुर्ड्याचा वास चढलेला, एका बाजूने जरासं करपलेलं. पोराने उचललं आणि कुणाला द्यावं ते न कळून नुसतं हातात धरून बसला. मी म्हटलं, आत्याआजीला दे.

वन्संनी घेतलं. दाणे सोलले, एकेक करून. काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मीठ कमी पडलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला सोडायला गेले मी. पोह्याच्या पापडांची पुडकी दिली, नेहमीची. गाडी हलता हलता खिडकीतून म्हणाल्या, “वहिनी, ते चित्र कुठल्या इमारतीत म्हणालीस? नातवाला मोबाइलवर दाखवायला सांगते.”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ‘वऱ्हाडातली’ न म्हणता गेल्या हो. बरं, आणा ते वाल इकडे.