वाढत्या अंगाचे

मे महिन्यातली सकाळ. आमची लेक ‘येते गं’ म्हणत ऑफिसला निघाली. तव्यावर पोळी टाकून मी दारापर्यंत आले, ती लाटण्यासकट तिथेच थिजले. तिच्या अंगावर ह्यांचा सफारी होता.

सफारी म्हणजे वरचा अर्धा. १९८५ साली लग्नात आमच्या बाबांनी ह्यांना कापड दिलं होतं, त्याचा शिवलेला. रंग बदामी आणि शेवाळी यांच्या अधलामधला, ज्याला तेव्हाही नाव नव्हतं. चार खिसे, खांद्यांवर पट्ट्या. आत तिचा पांढरा टीशर्ट, खाली जीन्स, आणि ह्यांच्या अर्ध्या बाह्या तिच्या कोपराच्या खाली आलेल्या.

‘‘अगं, हा कुठे सापडला तुला?’’

‘‘माळ्यावरच्या ट्रंकेत. व्हिंटेज आहे, आई! बघ ना, कसला ओव्हरसाइज्ड बसलाय.’’

पोळी करपली.

ओव्हरसाइज्ड या शब्दाला आमच्या लहानपणी ‘वाढत्या अंगाचे’ म्हणत. आईने शिंप्याला हे दोन शब्द सांगितले की तो माप घ्यायची टेप गळ्यातून काढायचासुद्धा नाही. मी तीन बहिणींत धाकटी. म्हणजे जे थोरलीला वाढत्या अंगाचं शिवलं, ते मधलीला मापाचं झालं आणि माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं अंग वाढायचं थांबून झिजायला लागलं होतं. शाळेच्या निळ्या स्कर्टला खाली तीन टका घातलेल्या असत. दर जूनमध्ये आई एक टक उसवायची. आतला कोरा निळा पट्टा बाहेर यायचा, वरचा भाग विटलेला. सातवीत माझ्या स्कर्टवर तीन निळे होते. झाडाच्या खोडातल्या कड्या मोजून जसं वय सांगतात, तसं माझ्या स्कर्टवरून माझी इयत्ता सांगता आली असती. आता लेकीच्या मोबाइलवर पाहते तर असाच तीन छटांचा स्कर्ट एक परदेशी मुलगी घालून उभी आहे आणि किंमत बघून मला आईची आठवण आली. बिचारी शिंप्याला चार रुपये द्यायलाही खळखळ करायची.

संध्याकाळी लेक परतली ती वाफाळत. सफारी अस्सल टेरिकॉटचा. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी टेरिकॉटमधल्या पॉलिएस्टरचा शोध लावला, पण मे महिन्यात डोंबिवलीहून सुटणारी फास्ट काही त्यांनी पाहिली नव्हती. ‘‘आई, बाबा हे कसे घालायचे?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘‘बाबा घालायचे नाहीत. घामाघूम व्हायचे आणि त्याला ऐट म्हणायचे.’’

हे मात्र खूश होते. चाळीस वर्षांत त्यांच्या कपड्यांबद्दल घरात कुणी पहिल्यांदाच बरं बोलत होतं. ‘‘पँट पण काढ की,’’ ते मला म्हणाले, ‘‘जोडी आहे ती.’’

मी भांडी घासायला घेतली. ती पँट मी केव्हाच बोहारणीला दिली होती. त्यावर एक पातेलं मिळालं होतं. चहाचं. खरं सांगायचं तर आमच्या घरचा सकाळचा चहा कैक वर्षं ह्यांच्या सफारीच्या पँटमध्ये होत होता आणि हे तो मिटक्या मारत पीत होते.

बोहारणीशी व्यवहार ही दुपारी दोन ते चारमधली, घरात पुरुष नसताना करायची गोष्ट आहे. ‘भांडीऽऽय’ अशी हाक आली की मी जिन्यात गठ्ठा आणायचे. ती प्रत्येक पँट उजेडाकडे धरून बसायच्या जागेची पारख करायची, गुडघे चाचपायची, चेन दोनदा वरखाली करायची. ह्यांच्या कपड्यांकडे इतकं लक्ष मी कधीच दिलं नव्हतं. साड्यांत सिल्क, नायलॉन असेल तर बघायची. ब्लाउजला हातसुद्धा लावायची नाही. ‘‘ते ज्याचं त्यालाच होतं, ताई.’’ मग मी परातीवर बोट ठेवायचे, ती वाटीवर. मी म्हणायचे, ‘‘कपडे परत दे.’’ ती गठुडं बांधून दोन पायऱ्या उतरायची, मी दार लोटून घ्यायचे. आतून मी मनात वीस मोजायचे, ती बाहेर बहुतेक पंचवीस. पातेलं आणि वर एक चमचा यावर तह व्हायचा. पुढे ते कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री होऊन बाजारात जायचे. अगदीच गेलेले गॅरेजमध्ये हात पुसायला. आमच्या घरातही साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं फडकं होतंच. मोक्ष फडक्यालाच. हे सगळं आम्ही गरज म्हणून करत होतो. त्याला पर्यावरण म्हणतात हे लेकीने सांगितलं.

एका शुक्रवारी पहाटे ती मला चोरबाजारात घेऊन गेली. तिथला जुम्म्याचा बाजार उजाडायच्या आधीच भरतो आणि ऊन तापायच्या आत उठतो. रस्त्यावर चादरी, चादरींवर ढीग, ढिगावर वाकलेले लोक. ती म्हणाली, ‘‘आई, इथे भाव मी करणार. तू फक्त चेहरा पाड.’’ चेहरा पाडायला मला वेगळं काही करावं लागलं नाही, कारण पहिल्याच ढिगात कुणाच्या तरी लग्नाचा कोट होता. त्याच्या खिशात हात घातला तर एक अक्षता निघाली. मी ती परत ठेवली.

पण पोरगी तयार आहे, हे कबूल करायला हवं. आधी खांदे बघते. कंबर, उंची, बाह्या शिंपी आत घेतो, खांदा मात्र उतरला तर पूर्ण कोट उसवावा लागतो. मग काखेचा वास. मग शिलाईच्या आत कापड किती सोडलंय ते. जुन्या कपड्यांत ते भरपूर असतं, कारण तेव्हा माणसं जाड होण्याची तयारी ठेवून कपडे शिवत. आणि अंगावर एका वेळी एकच जुनी गोष्ट, बाकी सगळं साधं. नाहीतर, तिच्या शब्दांत, ‘नाटकातून पळून आल्यासारखं’ दिसतं.

जाड लोकरी जॅकेटं परदेशातून येतात, असं एका विक्रेत्याने सांगितलं. लेकीने पुढची माहिती दिली, की असले कितीतरी जुने कपडे जहाजाने कांडल्याला उतरतात, आणि त्यातली फाटकीतुटकी लोकर पानिपतला जाते, तिथे ती पिंजून तिचं सूत काढतात आणि ब्लँकेटं विणतात. म्हणजे पानिपतात अजूनही पानिपतच होतं, फक्त आता कोटांचं.

तिथेच तिने एक शर्ट उचलला आणि डोळे मोठे करून मला दाखवला. अंग विटकं आकाशी, कॉलर गडद. ‘‘काँट्रास्ट कॉलर! डिझायनर पीस आहे.’’ मी कॉलर उलटी करून आतली बाजू दाखवली. काठ झिजून फेस आलेला. पूर्वी कॉलर विरली की शिंपी ती उसवून, फिरवून पुन्हा लावायचा. आतली न विटलेली बाजू बाहेर यायची आणि शर्ट आणखी दोन वर्षं कचेरीत जायचा. लेक क्षणभर गप्प झाली. मला वाटलं, ठेवेल. तर तिने तो घट्ट छातीशी धरला आणि म्हणाली, ‘‘यात तर स्टोरी पण आहे.’’ विक्रेत्याने मराठी कळत असल्याचा पुरावा दिला. त्याने पन्नास रुपये वाढवले.

मग माझ्यावर प्रयोग झाला. जानेवारीत सोसायटीचं हळदीकुंकू होतं. सासूबाईंची इरकली, तिच्यावर ब्लाउजऐवजी ह्यांचा पांढरा शर्ट, कमरेला पट्टा. आरशात लेकीला फॅशन दिसली. मला निवडणुकीच्या ड्यूटीवर निघालेली बाई दिसली. ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, ‘‘पट्टा माझा आहे का? मग मी काय घालू?’’ खाली पोहोचले तर शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेतलं, आवाज उतरवला, आणि म्हणाल्या, ‘‘घाईत आलात का? वर सगळं ठीक आहे ना?’’ वाण म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला. घरी येऊन पट्टा सोडला तेव्हा कुठे पोटाने श्वास घेतला.

गेल्या महिन्यात दुपारी जिन्यात हाक आली. हल्ली बोहारणी फारशा येत नाहीत. मी ह्यांचे दोन शर्ट घेऊन बाहेर आले, पण माझ्याआधी लेक पायरीवर बसली होती. त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. तिने बोहारणीचं गठुडं स्वतःच सोडलं होतं आणि आतून एक खाकी पँट काढून ती उजेडाकडे धरून बसायची जागा तपासत होती. गुडघे चाचपले. चेन दोनदा वरखाली केली.

‘‘मावशी, ही मला द्या. कितीला?’’

मावशींचा असा उलटा धंदा आयुष्यात झाला नसावा. पण त्या गांगरल्या नाहीत. ‘‘पैशे नको. भांडं द्या,’’ त्या म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या.

लेक आत गेली आणि हाताला लागलं ते घेऊन आली. चहाचं पातेलं. मी ‘‘अगं, ते नको,’’ म्हणेपर्यंत ते मावशींच्या मांडीवर होतं. त्यांनी ते आडवं धरलं, बूड पाहिलं, बोटाच्या पेराने टकटक वाजवलं, कान लावला. नाक मुरडलं.

‘‘हे तर जुनं हाय, ताई.’’

‘‘जुनं नाही, मावशी,’’ लेक म्हणाली, ‘‘व्हिंटेज आहे.’’

‘‘ते काय आसंल ते,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘वरून एक डबा टाका.’’