सत्तरच्या पुढची थरथर

मोटरसायकलच्या थरथरीला एक वाईट खोड असते. मेकॅनिकच्या दारात ती कधीच दिसत नाही. पासष्टपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालते, सत्तरला हँडल तळहाताला गुदगुल्या करतं आणि ऐंशीला आरसा असा हलतो की मागून येणारा एकच ट्रक तीन लेनमधून येताना दिसतो. मेकॅनिक मात्र ट्रायल घेतो ती गल्लीच्या टोकापर्यंत, तीसनं. परत येऊन, गाडीवरून न उतरताच सांगतो, "काही नाही साहेब, मक्खन चाललीय."

हवेच्या टायरचं पेटंट 1888 मध्ये बेलफास्टला ज्यानं घेतलं, तो जॉन बॉइड डनलॉप पेशानं जनावरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकीसाठी त्यानं हा उद्योग केला. मला यात काही नवल वाटत नाही. रोगी बोलत नाही, नुसता थरथरतो, आणि मालकाच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही, या सगळ्याची त्याला सवयच असणार.

माझ्या गाडीला पुढं नवा टायर पडला आणि दुसऱ्या दिवसापासून साताऱ्याहून कराडला जाताना हायवेवर हा प्रकार सुरू झाला. एवढा पुरावा समोर असताना कुणीही टायरकडे बघितलं असतं. पण ज्याच्या दुकानात जे औषध, तोच रोग. रिंगवाल्यानं चाक गरगर फिरवून कडेला खडू धरला, खडू एका जागी टेकला न टेकला तोच "रिंग आउट आहे" म्हणून निकाल दिला आणि आऱ्या आवळून दिल्या. गॅरेजवाल्याला कोनसेट गेल्याचा संशय आला. कोनसेट गेला की वेग कमी होताना पन्नासच्या आसपास हँडल डुलतं, आणि पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं की बरोबर मधोमध अडकतं. माझं डुलत नव्हतं, अडकतही नव्हतं. तरी कोनसेट बदलला गेला आणि जुना मला कागदात बांधून मिळाला, ऑपरेशननंतर मूतखडा डबीत घालून देतात तसा. हायवेवरच्या कारच्या बॅलन्सिंगवाल्यानं तर हात जोडले. बाईकचं चाक त्याच्या मशिनवर बसत नाही.

पुण्याहून मेव्हण्यानं फोनवर निदान केलं: "इंजिन. सिंगल सिलिंडरला असतंच." आणि मागच्या सीटवरून बायकोनं उपाय सांगितला: "अहो, मग सत्तरच्या पुढं जाताच कशाला?" तांत्रिकदृष्ट्या हा उपाय आजही कुणाला खोडता आलेला नाही.

शेवटी शेजारचे नाना मध्ये पडले. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत आणि दुपारी झोप येत नाही ही त्यांची तक्रार आहे. त्यांनी आधी मेव्हण्याला निकालात काढलं. "मोकळा रस्ता बघ, ऐंशीला क्लच दाब आणि गाडी तशीच सोड. थरथर थांबली तर इंजिन, चालू राहिली तर चाक." ती चालू राहिली.

मग चाकाची तपासणी झाली. वर-खाली धरून हलवलं, बेअरिंग ठीक. टायरच्या बगलेवर रिंगच्या लगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिंगपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. आमची एका जागी रिंगमध्ये पार बुडाली होती. शिवाय टायरवर एक पिवळा ठिपका होता. ती टायरची सगळ्यात हलकी जागा. ती व्हॉल्व्हशेजारी आणायची, म्हणजे व्हॉल्व्हचं वजन तिथं खपतं. पंक्चरवाल्या अण्णानं ठिपका बरोबर समोरच्या टोकाला नेऊन ठेवला होता. विचारलं तर म्हणाला, "वो तो कंपनी का निशान है." हवा सोडली, टायर फिरवून घेतला, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा हवा भरली. 'टप्प' आवाज झाला आणि बुडालेली रेघ वर आली.

एवढ्यावर मी समाधानी होतो. नाना नव्हते. त्यांनी चाक काढून एक्सलसकट दोन स्टुलांवर टेकवलं आणि सोडलं. चाक हळूहळू फिरलं, झोका घेऊन मागं आलं, थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच जागा खाली. नानांनी तिथं खडूची खूण केली, घरात हाक मारून कणीक मागवली आणि खुणेच्या बरोबर समोर, वरच्या अंगाला, गोळा चिकटवला. मग चिमूटभर लाव, चिमूटभर काढ. शेवटी चाक कुठंही सोडलं तरी जागच्या जागी राहायला लागलं. नाना म्हणाले, "आता हिचं वजन करून आण. वाळायच्या आत. तेवढी सोल्डरची तार आरीला गुंडाळू. किंचित जास्तच घे, तार थोडी आत बसते."

स्वयंपाकघरातला काटा एवढ्या बारकाव्यात पडत नाही, म्हणून मी सराफाकडे गेलो. गर्दीचा दिवस होता. त्यानं काचेच्या पेटीत कणकेचा गोळा ठेवला, चेहरा जराही न बदलता आकडा वाचला, "19.840", आणि सवयीनं विचारलं, "मोड का?"

अकरावी सायन्सच्या लेकीनं संध्याकाळी हिशोब मांडला. दोन मीटर घेराचं चाक ऐंशीला सेकंदाला अकरा फेरे घेतं. रिंगच्या कडेला 20 ग्रॅम जास्तीचे असले तर प्रत्येक फेऱ्याला साधारण सव्वादोन किलोचा हिसका बसतो. वेग निम्मा केला की हिसका पाव होतो, आणि तीसला जेमतेम तीनशे ग्रॅम उरतो. तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत गाडी खरोखरच मक्खन होती. मेकॅनिकला शिव्या देण्याचं एवढं हक्काचं निमित्त लेकीनं घालवलं.

दुसऱ्या दिवशी नाना तार गुंडाळत असताना बायको चहा घेऊन आली. तिच्या भिशीतल्या एका बाईनं मला सराफाच्या दुकानात पाहिलं होतं आणि अभिनंदनाचा फोनही येऊन गेला होता.

"नाना," ती म्हणाली, "पुढच्या चाकाला दोन तोळे झाले म्हणे. मागच्या सीटवर बसणाऱ्याला काही घालायची पद्धत असते का हो तुमच्या एसटीत?"

नानांनी बशीतला चहा संपवला आणि मला पाना मागितला.